निराशा करणारे गेम : पहिल्या दिवशी हाती काय पडले, त्याची समीक्षा

कोरडवाहू (आर्वी तालुका, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी,

गेमच्या समीक्षा आता मराठीतही बऱ्याच लिहिल्या जातात. मात्र ज्या गेमने निराशा केली त्याच्याविषयी लिहिण्याची वेळ आली की आपण एक तर ‘पैसे पाण्यात गेले, घेऊ नका’ एवढ्यावर थांबतो, नाही तर ‘आता अपडेट आले आहे, सगळे सुरळीत झाले’ असे म्हणून मोकळे होतो. या दोन्हींतून वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. विकताना काय सांगितले होते, प्रत्यक्षात काय निघाले, कोणत्या यंत्रावर ते बिघडले आणि पुढे जी दुरुस्ती झाली ती नेमकी कोणापर्यंत पोचली, एवढे आले तरच ती समीक्षा उपयोगाची. अशा समीक्षांसाठी हा धागा उघडत आहे.

खेड्यात राहणाऱ्यांना याची गरज अधिक आहे. फायबर तालुक्याच्या ठिकाणी पोचले असले तरी गावात अजून मोबाइलच्या हॉटस्पॉटवरच भागवावे लागते. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर सत्तर जीबीचा गेम उतरवायचा म्हटले, तर दुसरे काहीही न पाहता दीड महिना जातो. कापूस विकला गेला की घरात थोडा पैसा खेळतो, तेव्हा वर्षाकाठी एखादा गेम घ्यायचा असा इथल्या बहुतेक मुलांचा हिशेब असतो. तो एकच गेम फसला तर ते वर्ष गेले.

सुरुवात ‘सायबरपंक २०७७’पासून करतो. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने हा गेम २०१२ मध्ये जाहीर केला आणि १० डिसेंबर २०२० रोजी बाजारात आणला. तोपर्यंत ८० लाख प्रतींची आगाऊ नोंदणी झाली होती. प्रकाशनापूर्वी समीक्षकांना जी प्रत मिळाली ती पीसीची होती. पीएस ४ (सोनीचे प्लेस्टेशन ४) आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रांवर, गेम कसा चालतो हे त्यांना आधी पाहताच आले नाही. शिवाय समीक्षेच्या व्हिडिओत स्वतः टिपलेली दृश्ये न दाखवता कंपनीने पुरवलेलीच दृश्ये वापरायची, अशी अट होती. त्यामुळे पीसीवर बेतलेले कौतुक वाचून ज्याने जुन्या कन्सोलची डिस्क घेतली, त्याला रस्त्यांवर तुरळक माणसे दिसली, भिंती आणि चेहरे आधी धूसर दिसून मग हळूहळू स्पष्ट होत गेले, आणि गेम मध्येच बंद पडत राहिला. समीक्षकांच्या गुणांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर याच गेमच्या पीसी आवृत्तीला शंभरपैकी ८६ गुण आहेत आणि पीएस ४ आवृत्तीला ५७. एका नावाखाली दोन वेगळ्या वस्तू विकल्या गेल्या, हे या दोन आकड्यांतून जेवढे कळते तेवढे कोणत्याही विशेषणातून कळणार नाही. आठवडाभरातच सोनीने हा गेम प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून घेतला आणि पैसे परत देण्याची तयारी दाखवली. स्टोअरवर तो परत आला तो २०२१ च्या जूनमध्ये.

आता ‘दुरुस्त झाला’ या भागाकडे वळतो. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीने पोलिसांची यंत्रणा आणि कौशल्यांची रचना नव्याने उभी केली, आणि ते काम खरोखर चांगले आहे. परंतु ही आवृत्ती पीएस ४ आणि एक्सबॉक्स वनवर आलीच नाही. ज्यांनी सर्वांत जास्त सोसले, नेमक्या त्यांनाच ही दुरुस्ती मिळाली नाही. म्हणून माझे म्हणणे असे की समीक्षा पहिल्या दिवशी हाती पडलेल्या गेमची व्हावी, आणि दुरुस्तीची नोंद तिच्याखाली वेगळी, ती कोणासाठी झाली हे सांगून व्हावी.

पुलगावकर

भाऊ, सायबरपंकचे उदाहरण बिनतोड आहे, पण नियम म्हणून ते सर्वांना लावता येणार नाही असे मला वाटते. ‘नो मॅन्स स्काय’ पाहा. हॅलो गेम्स या इंग्लंडमधील छोट्या चमूने तो ऑगस्ट २०१६ मध्ये आणला. १८ वर १८ शून्ये लिहावीत इतके ग्रह, प्रत्येकाची माती, झाडे आणि प्राणी गणिती सूत्रांतून तयार झालेले, हा त्याचा मोठा दावा होता, आणि तो खोटा नव्हता. निराशा दुसऱ्या ठिकाणी होती. इतर खेळाडू भेटू शकतील असे मुलाखतींतून सुचवले गेले होते. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी दोन खेळाडू ठरवून एकाच ग्रहावर एकाच जागी जाऊन उभे राहिले, तरी एकमेकांना दिसले नाहीत. ग्रहांची संख्या अफाट असली तरी करायचे काम सगळीकडे तेच होते : दगड फोडून इंधन गोळा करायचे, यानात भरायचे, पुढच्या ग्रहावर जाऊन पुन्हा दगड फोडायचे. पाचव्या-सहाव्या ग्रहानंतर प्राण्यांच्या शरीराचे ठरावीक तुकडे अदलाबदल करून जोडलेले ओळखू येऊ लागत.

त्यानंतर या चमूने जवळजवळ बोलणेच बंद केले आणि काम केले. नोव्हेंबर २०१६ मध्ये तळ उभारण्याची सोय आली, जुलै २०१८ मध्ये इतर खेळाडूंसोबत खेळणे आले, आणि हे सर्व विनामूल्य, ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे मोजले त्यांनाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानावर सुरुवातीला शिव्याशापांनी भरलेल्या या गेमचे एकूण मत २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘अतिशय अनुकूल’ या पायरीवर पोचले. अशा गेमविषयी आज लिहिताना २०१६ चाच निकाल वर ठेवणे अन्यायाचे होईल.

कोरडवाहू

पुलगावकर, या दोन उदाहरणांतला फरक तुमच्याच वाक्यात आहे. ‘ज्यांनी पहिल्या दिवशी पैसे मोजले त्यांनाही’ ही अट नो मॅन्स स्कायने पाळली, सायबरपंकने जुन्या कन्सोलवाल्यांपुरती पाळली नाही. तेव्हा आज घेणाऱ्यासाठी आजचा निकाल जरूर वर असावा, पण २०१६ चा पुसला जाऊ नये. तो पुसला तर पुढचा गेम अर्धवट अवस्थेत विकण्याची मुभा आपणच दिल्यासारखे होईल.

धानपट्टा (ब्रह्मपुरी)

मी एका वेगळ्या दोषाविषयी लिहिते, कारण शहरातील समीक्षक त्याला एका ओळीत आटोपतात आणि आमच्यासाठी तोच सर्वांत मोठा असतो : एकट्याने खेळायच्या गेमलाही सतत इंटरनेट लागणे.

‘सिमसिटी’ची नवी आवृत्ती ५ मार्च २०१३ रोजी आली. शहर वसवण्याचा, म्हणजे मुळात एकट्याने शांतपणे तासन्‌तास खेळण्याचा हा गेम. ईए या कंपनीच्या मॅक्सिस स्टुडिओने तो असा बांधला की सर्व्हरशी जोडणी नसेल तर सुरूच होणार नाही. पहिल्या आठवड्यात सर्व्हर कोलमडले, लोक रांगेत ताटकळत राहिले, आणि गर्दी कमी करण्यासाठी कंपनीने गेममधील वेळ वेगाने पुढे नेण्याची सोय काही काळ काढून टाकली. शहराचे बरेचसे हिशेब आमच्या सर्व्हरवर होतात, त्यामुळे इंटरनेटविना गेम चालवणे सोपे नाही, असे कारण देण्यात आले. काही दिवसांतच एका हौशी प्रोग्रामरने फायलींत थोडा बदल करून जोडणी तुटल्यावरही शहर चालू राहते हे दाखवून दिले. वर्षभराने, मार्च २०१४ मध्ये, कंपनीने स्वतःच ऑफलाइन सोय दिली. सिमसिटी येण्याच्या आदल्या वर्षी, मे २०१२ मध्ये, अशीच सतत जोडणी मागणाऱ्या ‘डायब्लो ३’च्या पहिल्या रात्री सर्व्हर भरल्याच्या ‘एरर ३७’ या संदेशापुढे जगभरातील खेळाडू अडकून पडले होते. तेव्हा हा धडा कोणाला नवा नव्हता.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की इन्व्हर्टरवर संगणक चालतो, पण काही वेळाने मोबाइल टॉवरची बॅटरीही उतरते. घरात वीज आहे, संगणक सुरू आहे, गेम विकत घेतलेला आहे आणि तरी तो खेळता येत नाही, ही स्थिती ज्याने अनुभवली नाही तो समीक्षक ‘इंटरनेट आवश्यक’ ही ओळ तळाशी बारीक अक्षरांत टाकतो. ती पहिल्या परिच्छेदात यायला हवी.

सिमसिटीचा दुसरा दोष सर्व्हर सुधारल्यावरही उरला, तो म्हणजे जागा. एका शहराला साधारण दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचा चौकोन मिळत असे. पाणीपुरवठा, कचरा आणि शाळा नीट बसवून शहराला आकार येऊ लागला की कड लागायची. नवे काही बांधायचे तर जुने पाडावे लागे. नियोजनाचा आनंद देणाऱ्या गेममध्ये नियोजनालाच वाव नव्हता. पुढे मार्च २०१५ मध्ये फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या लहानशा स्टुडिओने ‘सिटीज : स्कायलाइन्स’ आणला. तो ऑफलाइन चालतो, त्यात जागा भरपूर आहे आणि तो साध्या संगणकावरही रेटून चालतो. दुःख याचे की त्याच स्टुडिओचा दुसरा भाग, ऑक्टोबर २०२३ चा, महागड्या ग्राफिक्स कार्डांनाही घाम फोडणारा निघाला. रस्त्यावरून चालणाऱ्या, मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांच्या तोंडातील दातसुद्धा पूर्ण तपशिलात रेखाटले जात होते, आणि ते कमी करण्याची व्यवस्था केलेली नव्हती. पहिल्या भागाच्या भरवशावर दुसरा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

संत्राबाग (वरुड)

धानपट्टाताई, दातांचा तपशील नेमका टिपलात. मी ‘जीटीए : द ट्रिलॉजी, डेफिनिटिव्ह एडिशन’विषयी लिहितो, कारण या निराशेचा संबंध आमच्या पिढीच्या आठवणींशी आहे. तालुक्याच्या सायबर कॅफेत तासाला दहा-वीस रुपये मोजून ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ खेळलेली पिढी आता कमावती झाली आहे, आणि ते गेम अधिकृतपणे, नव्या रूपात विकत घेऊन खेळावेत अशी तिची मनापासून इच्छा होती. ११ नोव्हेंबर २०२१ रोजी तिन्ही गेम एकत्र आले आणि ही इच्छा अगदी पहिल्या पावसातच विरली.

पावसाचेच आधी सांगतो. सॅन अँड्रियासमध्ये पाऊस सुरू झाला की संपूर्ण पडद्यावर जाड पांढऱ्या रेघांचा पडदा पडायचा, समोरचा रस्ता दिसेनासा व्हायचा, रात्री तर गाडी चालवणे अशक्य. आणि पार्श्वभूमीला पाणी असेल तर त्या रेघा तेवढ्या भागापुरत्या नाहीशा व्हायच्या. मूळ गेममध्ये पाऊस वातावरण घडवत असे, येथे तो अडथळा झाला.

धुक्याचा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. २००४ चा मूळ गेम ज्या पीएस २ वर चालायचा त्याची स्मृती तोकडी होती, म्हणून लांबचा प्रदेश धूसर ठेवलेला असायचा. ती तांत्रिक तडजोड होती खरी, परंतु तिच्यामुळे नकाशा अवाढव्य वाटायचा. थंडीत आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी धुके उतरले की पलीकडचे गाव कोसभर लांब गेल्यासारखे वाटते, तसेच ते होते. नव्या आवृत्तीत ते धुके काढून टाकले. विमान थोडे वर नेले की एका टोकाचे शहर, मधला डोंगर आणि दुसऱ्या टोकाचे शहर एकाच नजरेत येऊ लागले, आणि ज्या प्रदेशातून वणवण केल्याची आठवण होती तो खेळण्यातला ठरला. यंत्राची ताकद वाढली म्हणून जुनी मर्यादा काढून टाकताना, ती मर्यादा गेममध्ये काय काम करत होती हे कोणी पाहिले नाही.

तिसरी गोष्ट दुकानांच्या पाट्यांची. जुन्या चित्रांचे रूप यंत्राच्या मदतीने वाढवताना पाट्यांवरील शब्दांची स्पेलिंगे चुकली. एका डोनटच्या दुकानावर मूळ गेममध्ये षटकोनी नट बसवलेला होता, कारण दुकानाच्या नावातच नट होता. नव्या आवृत्तीत त्याचे कोपरे घासून तो गोल झाला. ज्याने ती पाटी काढली होती त्याचा विनोद पुसला गेला आणि तपासणाऱ्याच्या ते लक्षातही आले नाही. जीटीएची कंपनी रॉकस्टारने नंतर जाहीर दिलगिरी व्यक्त केली, आणि जे जुने गेम दुकानातून काढून टाकले होते ते पीसीवर पुन्हा उपलब्ध करून देण्याचे कबूल केले. नोव्हेंबर २०२४ च्या अपडेटने प्रकाशयोजना बरीच सुधारली. म्हणजे तीन वर्षे.

मास्तर_दर्यापूर

येथे बहुतेक चर्चा पीसी आणि कन्सोलची चालली आहे. माझ्या वर्गातील मुलांकडे यापैकी काहीच नाही; त्यांच्याकडे घरातला मोबाइल आहे आणि तोही संध्याकाळी वडील शेतातून आल्यावर मिळतो. त्यांच्या वाट्याला आलेली मोठी निराशा म्हणजे ‘फौजी’.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली आणि दोनच दिवसांनी, ४ सप्टेंबरला, अक्षय कुमार यांनी बंगळुरूच्या एनकोअर गेम्सच्या या गेमची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नाच्या २० टक्के रक्कम ‘भारत के वीर’ निधीला जाणार, असेही जाहीर झाले. घोषणेची वेळच अशी होती की पबजीची जागा हा गेम घेणार असे मुलांनी गृहीत धरले. २६ जानेवारी २०२१ रोजी तो आला, तेव्हा त्यात इतर खेळाडूंसोबत खेळण्याची सोय नव्हती; गलवान खोऱ्यातील एक कथा एकट्याने पुढे न्यायची होती. बंदुकाही नव्हत्या, हाताने, काठीने किंवा शत्रूकडून हिसकावलेल्या शस्त्राने लढायचे. गलवानची प्रत्यक्ष चकमक गोळीबाराविना झाली होती, त्यामुळे या निवडीमागे विचार होता आणि तो मला पटतो. परंतु मग लढाईत जीव ओतायला हवा होता. दोन-तीन शत्रू येतात, वार करायचा, अडवायचे, पुन्हा वार करायचा. ते पडले की पुढे चालत जायचे, तेवढेच शत्रू पुन्हा येतात. वार लागला की नाही याची जाणीव हाताला होत नाही. काही वेळातच बोटे सवयीने फिरू लागतात आणि लक्ष उडते. प्ले स्टोअरवरचे गुण पहिल्या काही दिवसांतच घसरले. संघाने खेळण्याची सोय त्याच वर्षी जूनमध्ये आली, तोवर मुले दुसरीकडे वळली होती.

पुलगावकर

सर, आपल्या लोकांनी केलेल्या पहिल्यावहिल्या प्रयत्नावर इतके कठोर व्हावे का? भारतात मोठा गेम बनवण्याची परंपराच नाही. निधीचा हेतूही चांगला होता.

मास्तर_दर्यापूर

हेतूचा मान राखूनच लिहिले आहे. परंतु मूल खेळायला बसते तेव्हा ते हेतू खेळत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्येच ‘राजी’ आणला. त्यातही दोष आहेत; लढताना पात्र मध्येच अडखळते, कथा ऐन रंगात आली असता संपते. तरी राजस्थानी वाड्यांच्या सज्जांवरून धावणारी, खांबांवर चढून उडी घेणारी ती मुलगी खेळताना हाताखाली जिवंत वाटते. दोन्ही गेम आपल्याच लोकांचे आहेत. एकाचे कौतुक खरे ठरायचे असेल तर दुसऱ्यावरील टीका लिहावी लागेल.

कपाशी_पांढरकवडा

माझ्या दृष्टीने सर्वांत निराशा करणारा गेम म्हणजे ‘फार्मिंग सिम्युलेटर’. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरने २०१८ च्या आवृत्तीत कापूस आणला, हे वाचून मी आनंदाने तो घेतला. कापूस पेरायचा, वाढू द्यायचा, आणि मग घरापेक्षा मोठे एक यंत्र शेतातून फिरवायचे, ते कापूस वेचून त्याचा गठ्ठा मागे टाकते. वेचणीला बायामाणसे मिळत नाहीत म्हणून जीव टांगणीला लागणे नाही, बोंडअळी नाही, पहिल्या वेच्याचा आणि फरदडीचा फरक नाही. सर्वांत खटकते ते पावसाचे. या गेममध्ये पाऊस आला तर फक्त कापणी थांबते. पाऊस आला नाही तर पिकाला काहीही होत नाही. मृगानंतर पंधरा दिवस खंड पडला तर दुबार पेरणी करावी लागणाऱ्या माणसाने याला शेती कसे म्हणावे? २०२४ च्या आवृत्तीत गारपीट आणली आहे, पण पावसाचा खंड अजूनही नाही.

संत्राबाग (वरुड)

दादा, तुमचे प्रत्येक निरीक्षण खरे आहे आणि असा तपशील युरोपातील एकाही समीक्षकाने लिहिलेला नसेल. तरी एक भेद करावासा वाटतो. या गेमने कोरडवाहू शेती दाखवण्याचे वचन दिले नव्हते. तो यंत्रांचा गेम आहे आणि ती यंत्रे तो चोख चालवतो. २०२१ च्या आवृत्तीत तर कापसापासून कापड आणि कापडापासून कपडे अशी साखळीही आहे, आणि ती विचारपूर्वक बांधलेली आहे. आपल्याला हवे ते नसणे आणि सांगितलेले न देणे, या दोन निराशा वेगळ्या लिहाव्यात.

कोरडवाहू

भेद मान्य. पण कपाशीदादांची पोस्ट या धाग्यात राहावी असे मला वाटते. गेम स्वतःला शेतीचे अनुकरण म्हणवतो, तेव्हा पिकाला पाणी लागते की नाही हा प्रश्न विचारण्याचा अधिकार शेतकऱ्याला आहे. फक्त तिला ‘फसवणूक’ न म्हणता ‘उणीव’ म्हणावे.

उमरेडचा_कोडर

दोष लिहिताना लक्षण अचूक टिपावे, यासाठी एक उदाहरण देतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ‘एलियन्स : कलोनियल मरीन्स’वर, आधी दाखवलेल्या प्रात्यक्षिकापेक्षा तो फारच हलका असल्याची टीका झाली, आणि ती रास्त होती. त्यातील परग्रहावरचे प्राणी सरळ बंदुकीसमोर धावत येत, भिंतीपाशी घुटमळत, खेळाडूला घेरण्याचा प्रयत्नच करत नसत. ‘शत्रूंची बुद्धी बेकार आहे’ असे सर्वांनी लिहिले. काही वर्षांनी एका हौशी खेळाडूला सेटिंगच्या साध्या मजकूर फायलीत एका शब्दात एक अक्षर जास्त पडलेले आढळले; त्या चुकीमुळे शत्रूंना आपली जागा आणि हालचाल ठरवण्याची आज्ञा पोचतच नव्हती. २०१८ मध्ये ही बातमी सर्वत्र पसरली. ते एक अक्षर काढल्यावर शत्रू पहिल्यापेक्षा बरेच शहाण्यासारखे वागू लागतात. एवढ्याने गेम उत्तम होत नाही, पण ‘घेरत नाहीत, घुटमळतात’ असे नेमके वर्णन तेव्हाच कोणी कंपनीपुढे चिकाटीने ठेवले असते, तर शोध घेणाऱ्याला दिशा मिळाली असती.

धानपट्टा (ब्रह्मपुरी)

सर्व्हरवर अवलंबून राहण्याचे पुढचे टोकही नोंदवते. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा मोटारींचा गेम एकट्याने खेळता येत असे, तरी त्याला सतत जोडणी लागायची. ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचीही डिस्क निरुपयोगी झाली. यातूनच युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि विकलेले गेम खेळण्याजोगे ठेवावेत या तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. याउलट सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, परंतु घेणाऱ्यांचे पैसे परत मिळाले. गेम म्हणून कॉन्कॉर्ड अधिक मोठे अपयश आहे, ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर द क्रू.

नवा_सदस्य (घाटंजी)

सर्वांना नमस्कार. धागा पूर्ण वाचला. माझ्याकडे आठ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप आहे. सायबरपंक आता सुधारला आहे असे येथे लिहिले आहे, आणि स्टीमवर न आवडल्यास पैसे परत मिळतात असेही ऐकले आहे. घेऊन पाहावा का?

संत्राबाग (वरुड)

घेऊ नये, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले असे की सुधारलेल्या आवृत्तीसाठी कंपनीने किमान बारा जीबी रॅम आणि एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) सांगितली आहे. साध्या हार्ड डिस्कसाठीचा आधार २०२३ मध्येच काढून घेतला. तुमच्या लॅपटॉपसाठी हा गेम सुधारलेला नाही.

दुसरे कारण पैसे परत मिळण्याविषयी. खरेदीनंतर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर स्टीम पैसे परत देते. हे चौदा दिवस गेम उतरवून पूर्ण झाल्यापासून नव्हे, पैसे भरल्यापासून मोजतात. दीड जीबीच्या पॅकवर चौदा दिवसांत एकवीस जीबी उतरतात. त्याहून मोठा कोणताही गेम गावातून घेतला तर तो सुरू करून पाहण्याआधीच मुदत संपलेली असते. शहरातील समीक्षकाने ‘आवडला नाही तर परत करा’ असे लिहिलेले असते, ते आपल्याला लागू होत नाही.

नवा_सदस्य (घाटंजी)

हे लक्षातच आले नव्हते. मग मोठा गेम घ्यायचाच असेल तर काय करावे?

संत्राबाग (वरुड)

ज्यांच्याकडे फायबर आहे अशा नातेवाइकांकडे किंवा मित्राकडे तालुक्याला जाण्याचा दिवस आधी ठरवा, लॅपटॉप सोबत न्या आणि तेथे बसूनच पैसे भरा. गेम त्याच दिवशी उतरवून पूर्ण करा आणि पहिले दोन तास संपण्याआधी तीन गोष्टी पाहा : वायफाय बंद केल्यावर गेम सुरू होतो का, लढाईच्या किंवा गर्दीच्या जागी तो अडखळतो का, आणि बंद करून पुन्हा उघडल्यावर जेथे सोडला होता तेथूनच पुढे जातो का. सुरुवातीची दृश्यकथा लांबलचक असेल तर ती न पाहता पुढे जा, कारण तीही त्या दोन तासांतच मोजली जाते. ऑफलाइन चालण्याची खात्री करण्यासाठी स्टीमही ऑफलाइन स्थितीत ठेवून पाहा. नंतर स्टीममधील बॅकअपची सोय वापरून गेमची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा, म्हणजे लॅपटॉप फॉरमॅट करावा लागला तरी सगळे पुन्हा उतरवावे लागणार नाही. आठ जीबी रॅमवर काय चालेल असे विचाराल, तर वर धानपट्टाताईंनी लिहिलेला पहिला ‘सिटीज : स्कायलाइन्स’ घ्या, दुसरा नव्हे, खरेदी करताना नावापुढचा आकडा नीट पाहा.